फॉसिकिंग म्हणजे नेमकं काय? उरल्यासुरल्या सोन्याचा माग

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स या राज्यांत आणि पलीकडे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर फिरताना ‘फॉसिकिंग एरिया’ अशा सरकारी पाट्या दिसतात. कोशात पाहिलं तर ‘सोनं शोधणे’ एवढा अर्थ हाती लागतो. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे, आणि निसटलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा.

सोनं शोधायला निघालेला माणूस दोन प्रकारे निघू शकतो. एक, जिथे आजवर कुणाला सोनं सापडलेलं नाही अशा नव्या जागेच्या शोधात. दुसरा, जिथे सोनं सापडून, खणून, धुऊन, लोक निघूनही गेले आहेत अशा जुन्या जागी. पहिल्याला इंग्रजीत प्रॉस्पेक्टिंग म्हणतात. दुसऱ्याला फॉसिकिंग. म्हणजे या शब्दात ‘शोध’ आहेच, पण तो दुसऱ्याच्या हातून निसटलेल्या वस्तूचा शोध आहे. खाणकामगारांनी टाकून दिलेले मातीचे ढीग, सोडून दिलेले खड्डे, ओढ्याच्या तळातल्या खडकांच्या भेगा, ही फॉसिकरची जागा. मराठीत याच्या जवळ जाणारा माणूस म्हणजे सराफ बाजारातली धूळ गोळा करून तिच्यातून सोन्याचे कण काढणारा झारेकरी. फरक एवढाच की झारेकऱ्याला सोनं कुणाच्या दुकानातून सांडलंय ते ठाऊक असतं. फॉसिकर दीडशे वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसाच्या चुकीवर भरवसा ठेवून काम करतो.

ही चूक कशी झाली, हे कळल्याशिवाय शब्द नीट कळत नाही.

सोनं मागे का उरतं

सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट आहे. नदीतली साधी वाळू, म्हणजे गारगोटीची, पाण्याच्या साधारण २.६५ पट. म्हणजे सारख्याच आकाराचा सोन्याचा कण वाळूच्या कणापेक्षा सात पटींहून जड. डोंगरातल्या गारगोटीच्या शिरांमध्ये सोनं असतं. खडक झिजतो, फुटतो, पावसाबरोबर सोनं ओढ्यात येतं आणि जड असल्यामुळे जिथे पाण्याचा जोर कमी होतो तिथे बसतं. वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, झाडाच्या मुळांच्या जाळ्यात. आणि संधी मिळाली की खाली खाली सरकत थेट तळाच्या खडकापर्यंत जातं. तो खडक सपाट गुळगुळीत असेल तर पूर त्याला पुढे ढकलतो. पण खडकाला प्रवाहाच्या आडव्या भेगा असतील तर सोनं त्या भेगेत पडतं आणि सहसा बाहेर येत नाही.

आता १८५१ साल डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारीत एडवर्ड हारग्रेव्ह्ज आणि त्याच्या साथीदारांना न्यू साउथ वेल्समध्ये बाथर्स्टजवळ सोनं मिळालं. त्या जागेला पुढे ओफिर हे नाव पडलं. त्याच वर्षी शेजारच्या व्हिक्टोरिया प्रांतात बॅलराट आणि बेंडिगोची सोन्याची मैदानं, म्हणजे सोनं मिळणारे खाणपट्टे, उघडली. व्हिक्टोरियाची लोकसंख्या १८५१मध्ये सुमारे ७७ हजार होती. १८६१मध्ये ती सुमारे ५ लाख ४० हजार झाली. सुरुवातीच्या दिवसांत एका माणसाच्या वाट्याला येणारी जमीन, म्हणजे ‘क्लेम’, जेमतेम ८ फूट बाय ८ फूट असे. तेवढ्या चौकोनात खड्डा खणायचा, खालची सोनेरी आशा असलेली माती वर काढायची, ओढ्यापर्यंत वाहून न्यायची आणि धुवायची. आणि सोनं मिळो न मिळो, सरकारला महिन्याला ३० शिलिंग परवाना शुल्क द्यायचं.

अशा माणसाला घाई असते. तो जाड कण आणि खडे पाहतो, बारीक सोन्यापाठी वेळ घालवत नाही. धुण्यासाठी त्याच्याकडे ‘क्रेडल’ नावाची लाकडी पेटी असे, पाळण्यासारखी हलवायची. तिच्यातून बारीक सोनं पाण्याबरोबर सर्रास वाहून जाई. चिकणमातीचे गोळे नीट फुटले नाहीत तर आतलं सोनं गोळ्यासकट ढिगावर पडे. चाळणीच्या भोकांपेक्षा मोठा खडाही कधी कधी दगड समजून फेकला जाई. ऐकायला खोटं वाटतं, पण लोहमातीचा लेप बसलेला सोन्याचा खडा दिसायला खरंच तपकिरी दगडासारखा असतो. वर, चार मैलांवर नवं सोनं सापडल्याची नुसती हाळी आली की अर्धवट खणलेला खड्डा सोडून अख्खी वस्ती एका रात्रीत उठून जाई. त्या हाळीला आणि त्यामागच्या पळापळीलाच ‘रश’ म्हणत. मागे उरत ते उघडे खड्डे, दोन खड्ड्यांच्या मधे आधारासाठी सोडलेल्या मातीच्या भिंती, आणि उपसलेल्या मातीचे ढीग. या टाकाऊ ढिगांना तिकडे ‘मलक’ म्हणतात आणि धुऊन झालेल्या उरलेल्या गाळाला ‘टेलिंग्ज’.

फॉसिकर इथे येतो.

शब्दाला चिकटलेली धूळ

सुरुवातीला हा शब्द काही मानाचा नव्हता. स्वतःचा खड्डा खणण्याची ताकद किंवा भांडवल नसलेला, दुसऱ्याच्या उष्ट्यावर जगणारा, म्हातारा किंवा आळशी माणूस अशी फॉसिकरची प्रतिमा होती. त्याहून वाईट अर्थही होता: शेजारच्या क्लेमच्या भिंतीत हळूच आडवं पोखरून दुसऱ्याचं सोनं काढून घेणारा. मैदानावर अशा माणसाची गाठ कुदळीच्या दांड्याशी पडायची, न्यायाधीशाशी नव्हे.

शब्द आला कुठून? इंग्लंडच्या काही बोलींमध्ये ‘फॉसिक’ किंवा ‘फसिक’सारखा शब्द होता. उगाच लुडबुड करणारा, त्रास देणारा, इकडेतिकडे खुडबुड करणारा, अशा अर्थछटांचा. काही जण त्याचं मूळ कॉर्नवॉलमध्ये शोधतात. त्यात नवल नाही, कारण कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींतले कसबी कामगार मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाच्या मैदानांवर आले होते. मूळ कुठलंही असो, १८५०च्या दशकात सोन्याच्या मैदानावर हा शब्द रुळला, आणि ‘खुडबुड’ ही त्याची मूळची छटा आजतागायत टिकून आहे. एडवर्ड मॉरिस यांनी १८९८ साली ऑस्ट्रेलियन इंग्रजीचा कोश काढला, तेव्हा सोन्याच्या अर्थाबरोबर ‘कशातही शोधाशोध करणे’ हा सैल अर्थही त्यात नोंदवला गेला होता. चाळीस-पन्नास वर्षांत शब्द खाणीतून घरात पोचला होता.

माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातला सगळ्यात दुर्लक्षित भाग चिनी खाणकामगारांचा आहे. दक्षिण चीनमधून हजारो माणसं व्हिक्टोरियात आली. त्यांना रोखण्यासाठी तिथल्या सरकारने १८५५ साली जहाजाने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंड कर बसवला. मग जहाजं शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात लागू लागली आणि तिथून ही माणसं शेकडो किलोमीटर पायी चालत सोन्याच्या मैदानांवर पोचू लागली. नव्या, श्रीमंत जमिनीवर त्यांनी हात घातला की मारामाऱ्या होत. १८५७मध्ये बकलंड नदीकाठी आणि १८६०–६१मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या लॅम्बिंग फ्लॅटला त्यांच्यावर मोठे हल्ले झाले. म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यांनी गोऱ्या खाणकामगारांनी सोडून दिलेली जमीनच पुन्हा धरली. टेलिंग्जचे ढीग गटागटाने, शिस्तीत, मूठ मूठ करून धुतले आणि ‘संपलेल्या’ जमिनीतून सोनं काढलं. त्यावरही लोकांनी नाकं मुरडलीच. न्यूझीलंडमध्ये मात्र गंमत झाली. १८६१मध्ये गॅब्रिएल रीडला ओटागो प्रांतात सोनं सापडलं, झुंबड उडाली, आणि चारेक वर्षांत गोरे लोक पुढच्या झुंबडीमागे निघून गेले. तेव्हा तिथल्या डनीडन शहराच्या व्यापाऱ्यांनी स्वतः होऊन व्हिक्टोरियातल्या चिनी खाणकामगारांना बोलावणं धाडलं: या, आमची सोडून दिलेली मैदानं धुऊन काढा. ओटागोतल्याच ॲरोटाऊन गावातल्या त्यांच्या वस्तीतली छोटी दगडी-मातीची घरं आज जपून ठेवली आहेत. जे काम करणाऱ्याला मैदानावर तुच्छ लेखलं जात होतं, त्याच कामासाठी एका अख्ख्या प्रांताने माणसं मागवली.

पुढे १९३०च्या महामंदीत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोन्हीकडे बेकारांना जुन्या सोन्याच्या मैदानांवर पाठवण्याचे सरकारी प्रयत्न झाले. थोडा भत्ता, थोडी अवजारं, आणि बाकी नशीब. रग्गड सोनं कुणाला मिळालं नाही, पण चूल पेटती राहण्याइतके कण पुष्कळांना मिळाले.

शेजारचे शब्द

फॉसिकिंगच्या आसपासचे चार शब्द ओळखून ठेवले की गोंधळ होत नाही. पॅनिंग ही फक्त एक क्रिया आहे: परातीसारख्या भांड्यात माती धुणं. प्रॉस्पेक्टर, फॉसिकर, कंपनीचा भूगर्भशास्त्रज्ञ, तिघेही पॅनिंग करू शकतात. ‘स्पेकिंग’ म्हणजे पाऊस पडून गेल्यावर जमिनीवर नजर ठेवून चालत राहणं. पाण्याने धूळ धुतली गेली की वर पडलेला कण चमकतो आणि खणायचीही गरज पडत नाही. ‘नूडलिंग’ हा शब्द ओपल या रत्नाच्या जगातला: कूबर पेडीसारख्या गावात खाणींबाहेरच्या मलक-ढिगांत ओपलचे तुकडे वेचणं. थोडक्यात ओपलचं फॉसिकिंग. आणि ‘फॉसिकिंग’ हा शब्दही आता सोन्यापुरता उरलेला नाही. क्वीन्सलँडमध्ये एमेराल्ड शहराच्या पश्चिमेला सफायर आणि रुबीव्हेल अशा नावांची गावं आहेत; तिथे लोक नीलम शोधायला येतात, आणि तेही फॉसिकिंगच.

‘गोल्ड डिगर’ हा शब्द मात्र यात मिसळू नये. मैदानावरच्या प्रत्येक खाणकामगाराला ‘डिगर’ म्हणत, पुढे पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रेलियन सैनिकाचं लाडकं नाव झालं. पैशासाठी लग्न करणाऱ्या व्यक्तीला हिणवण्याचा अर्थ वेगळ्या वाटेने आला; त्याचा फॉसिकिंगशी काही संबंध नाही.

प्रत्यक्षात करतात काय

समजा, एका जुन्या मैदानातला ओढा आहे. उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं. फॉसिकर ओढ्याच्या मधोमध फावडं मारत बसत नाही. तो आधी उघडा पडलेला तळखडक शोधतो, आणि त्यातही पाटीसारखे उभे थर असलेला. अशा खडकात प्रवाहाला आडव्या बारीक भेगा असतात. टोक वाकवलेला स्क्रू-ड्रायव्हर, जुना चमचा, ताठ ब्रश, एवढी हत्यारं. भेगेतला वरचा सैल गाळ बाजूला, मग घट्ट बसलेली, खड्यांनी गच्च भरलेली माती खरवडायची. त्या मातीत शिशाच्या जुन्या गोळ्या किंवा गंजके खिळे लागले तर फॉसिकर खूश होतो. खिळ्याला किंमत असते म्हणून नव्हे; जड वस्तू या भेगेत अडकून राहतात, याचा तो पुरावा असतो.

खरवडलेली माती पॅनमध्ये जाते. आजचं पॅन बहुधा हिरव्या किंवा काळ्या प्लास्टिकचं, एका बाजूला आडव्या कडा असलेलं. ते पाण्यात बुडवून आधी चिखलाचे गोळे बोटांनी पूर्ण फोडायचे, गढूळ पाणी जाऊ द्यायचं. या टप्प्यावर घाई केली की क्रेडलवाल्यांचीच चूक पुन्हा होते. मोठे दगड धुऊन बाहेर. मग पॅन पाण्याखाली आडवं धरून जोरात डावी-उजवीकडे हलवायचं, म्हणजे जड कण खाली बसतात. पॅन थोडं पुढे कलतं करायचं आणि पाण्याच्या लाटेने वरचा हलका थर काठावरून सोडायचा. पुन्हा आडवं, पुन्हा हलवणं, पुन्हा सोडणं. शेवटी तळाशी चमचाभर काळी वाळू उरते. तिच्यात बहुतेक लोहखनिज, मॅग्नेटाइट. वाळूपेक्षा दुप्पट जड, पण सोन्यापुढे काहीच नाही. आता थोडंसं पाणी घेऊन पॅन हळूच गोल फिरवायचं. काळी वाळू पसरत पुढे जाते आणि तिच्या शेपटीला, सगळ्यात मागे, एक पिवळा ठिपका राहतो. त्या ठिपक्याला ‘कलर’ म्हणतात. ‘आज कलर मिळाला का?’ एवढंच विचारतात.

तो ठिपका खरा की खोटा, हे सावलीत कळतं. अभ्रकाची चकती आणि पायराइट, म्हणजे ‘मूर्खांचं सोनं’, हे उन्हात कोन जुळला तरच झगमगतात. सोनं सावलीतही तसंच पिवळं दिसतं. शंका असेल तर सुईच्या टोकाने दाबावं: पायराइटचा भुगा होतो, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, सोन्याला नुसता खळगा पडतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियात हे सगळं जमत नसे, कारण धुवायला पाणीच नव्हतं. १८९२मध्ये कूलगार्डी आणि १८९३मध्ये कॅलगूर्लीला सोनं सापडलं तेव्हा लोक कोरडी माती वाऱ्यावर उपणून सोनं वेगळं करत. त्याला ‘ड्राय ब्लोइंग’ म्हणतात. वाऱ्याच्या भरवशावर काढलेल्या सोन्यात किती निसटलं असेल, याचा अंदाज करा. त्या भागात आजही फॉसिकर फिरतात याचं एक कारण हेच.

दुसरं कारण मेटल डिटेक्टर. जमिनीवरून फिरवलेल्या चकतीतून चुंबकीय क्षेत्र खाली जातं, धातूमध्ये क्षणिक प्रवाह निर्माण होतो, आणि त्याचा प्रतिसाद कानात सूर होऊन येतो. व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या मातीत लोह इतकं आहे की सुरुवातीची यंत्रं जमिनीलाच धातू समजत. ती अडचण जशी सुटत गेली, तशी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून जुन्या मैदानांवर नवी गर्दी सुरू झाली. १९८० साली किंगोवर गावाजवळ केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरवर एक सूर मिळाला. जेमतेम फूटभर खाली सोन्याचा सुमारे २७ किलोंचा सलग तुकडा उभा होता. ‘हँड ऑफ फेथ’ नावाचा हा तुकडा पुढे लास व्हेगासच्या एका कॅसिनोने दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला घेतला. ज्या भागात सव्वाशे वर्षं माणसं खणत होती, तिथे फूटभर खाली.

याच टापूतली जुनी गोष्ट याहून मोठी आहे. ५ फेब्रुवारी १८६९ला मोलियागुलजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या कॉर्नवॉलच्या दोघांना झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली अवघ्या तीनेक सेंटिमीटरवर ‘वेलकम स्ट्रेंजर’ मिळाला. त्यातून निघालेलं सोनं ७० किलोंच्या वर भरलं. जवळच्या डनोलीत एवढा तुकडा तोलायला तराजू नव्हता, म्हणून तो ऐरणीवर ठेवून फोडावा लागला. या गोष्टी सांगून लोकांना डिटेक्टर विकतात, हेही लक्षात असू द्या. रोजच्या फॉसिकिंगमधला सूर नव्वद टक्के वेळा खिळ्याचा, काडतुसाचा किंवा डब्याच्या पत्र्याचा असतो, असं कुठलाही जुना फॉसिकर हसत सांगेल. टक्का त्याच्या मनातला, पण अनुभव खरा.

कायद्यात हा शब्द कुठे बसतो

जमीन कुणाचीही असो, तिच्यातलं सोनं राजाचं, हे इंग्लंडमध्ये १५६८च्या एका खटल्यात ठरलं आणि तेच तत्त्व ऑस्ट्रेलियात आलं. म्हणून सापडलेलं सोनं स्वतःचं म्हणायला सरकारची काहीतरी परवानगी लागते. महिना ३० शिलिंगांच्या परवान्यावरून बॅलराटच्या डिगरांनी बंड केलं. ३ डिसेंबर १८५४ला युरेका इथे सैनिकांनी ते मोडून काढलं, पण पुढच्याच वर्षी तो परवाना रद्द झाला आणि वर्षाला १ पौंडाचा ‘मायनर्स राइट’ आला. गंमत अशी की ते नाव व्हिक्टोरियात आजही चालू आहे. सोनं शोधायला जाणाऱ्या साध्या हौशी माणसाला मायनर्स राइट काढावा लागतो, तो १० वर्षं चालतो, आणि त्याच्या आधारे सापडलेलं सोनं त्याचं होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातही मायनर्स राइटच आहे. तिथे फॉसिकरला मोठी अडचण वेगळीच येते: सोन्याच्या पट्ट्यातली पुष्कळ जमीन खाणकंपन्यांच्या नावावर लागलेली असते आणि त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

क्वीन्सलँडने मात्र सरळ ‘फॉसिकिंग’ या नावानेच १९९४ साली कायदा केला. त्यातली व्याख्या शब्दाचा आजचा अर्थ पक्का करते: करमणूक, पर्यटन किंवा शिक्षण यासाठी, हाताच्या अवजारांनी केलेला शोध. यंत्र आणलं, धंदा सुरू केला की ते खाणकाम झालं आणि त्याचे नियम वेगळे. न्यू साउथ वेल्समध्येही हौशी शोधासाठी इंजिनावर चालणारी उपकरणं चालत नाहीत आणि जमीनमालकाची संमती लागते. न्यूझीलंडमध्ये काही ठरावीक ओढे-नद्या सार्वजनिक सोनं-फॉसिकिंग क्षेत्र म्हणून राखून ठेवल्या आहेत. तिथे पॅन आणि फावडं घेऊन कुणीही परवान्याशिवाय बसू शकतं. बाकी सगळीकडे जवळपास सारखे नियम: खणलेला खड्डा बुजवायचा, आदिवासींच्या पवित्र जागांना आणि अवशेषांना हात लावायचा नाही, राष्ट्रीय उद्यानात मनाला येईल तिथे शिरायचं नाही.

म्हणजे दीडशे वर्षांत शब्दाने पूर्ण कूस बदलली. ज्याला सुट्टी घेणं परवडत नव्हतं त्याचं ते काम होतं. आता सुट्टीत करायची गोष्ट आहे. कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन महिनोन् महिने फिरणाऱ्या निवृत्त जोडप्यांमध्ये हा छंद फार आहे.

घरातला फॉसिक

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या रोजच्या बोलण्यात सोन्याचा संबंध नसतानाही हा शब्द सतत येतो. पर्समध्ये किल्ली फॉसिक करायची, जुन्या पुस्तकांच्या दुकानात तासभर फॉसिक करायचं, माळ्यावर काय काय पडलंय ते फॉसिक करून बघायचं. अमेरिकन माणसासमोर हाच शब्द टाकला तर बहुधा तो बुचकळ्यात पडेल.

सैल अर्थाने वापरतानाही एक अट पाळली जाते. ठरलेल्या कप्प्यातली ठरलेली वस्तू काढणं हे फॉसिकिंग नाही. ढीग हवा, पसारा हवा, आणि हाताला काय लागेल याची खात्री नको. पोलिसांनी घराची झडती घेतली तर तिला कुणी फॉसिकिंग म्हणणार नाही. त्यात हुकूम आहे. पण एखादा पत्रकार जुन्या सरकारी दप्तरात निवांत हात घालून बसला तर हा शब्द चपखल बसतो.

म्हणून मराठीत आणताना संदर्भ पाहावा. घरगुती वाक्यात ‘खुडबुड करणं’, ‘उचकपाचक करणं’ किंवा ‘धुंडाळणं’ पुरेसं आहे. सोन्याच्या संदर्भात ‘खाणकाम’ लिहिलं की अर्थ उलटा होतो, कारण कायद्याने ज्याच्यापासून वेगळं काढलं तेच नाव आपण देऊन बसतो. ‘सोन्याचा शोध’ लिहिलं तर प्रॉस्पेक्टिंग आणि फॉसिकिंग एकत्र मिसळतं. ‘जुन्या खाणींतलं उरलंसुरलं सोनं हुडकणं’ हे लांब आहे, पण बरोबर आहे. आणि परवान्याच्या अर्जावर किंवा नियमांच्या भाषांतरात सरळ ‘फॉसिकिंग’ ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्यावा.